शैलीचा सातबारा

२०२३ सालचा जून महिना. पॉल लेहरमन आणि लिनीया सेज हे न्यूयॉर्कमधलं जोडपं गाडीतून चाललं होतं. दोघांचंही पोट आवाजावर चालणारं. जाहिराती, निवेदनं अशी कामं ते वर्षानुवर्षं करत आले होते. वाटेत त्यांनी एक पॉडकास्ट लावला. हॉलिवूडमध्ये संपाचे दिवस होते, संपात वाद एआयवरूनही होता, त्यामुळे कार्यक्रमाचा विषयही एआयचाच होता. सूत्रधाराने एका बोलत्या यंत्राची मुलाखत सुरू केली. यंत्राने उत्तर दिलं आणि गाडीतली दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. तो आवाज पॉलचा होता. आणि पॉलने त्या कार्यक्रमासाठी एक शब्दही रेकॉर्ड केलेला नव्हता.

मग जुन्या कामांच्या नोंदी काढून शोध सुरू झाला. २०२० मध्ये, फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून, एका निनावी गिऱ्हाइकाने पॉलकडून रेकॉर्डिंग करून घेतलं होतं. मोबदला १,२०० डॉलर. लिनीयाकडून त्याच्या आदल्या वर्षी असंच काम ४०० डॉलरला करून घेतलं होतं. हे कशासाठी, असं दोघांनीही विचारलं होतं. त्याला सांगितलं गेलं, संशोधनासाठी. तिला सांगितलं गेलं, रेडिओच्या जाहिरातींची चाचणी घ्यायची आहे. मे २०२४ मध्ये दोघांनी ‘लोवो’ या एआय कंपनीवर दावा लावला. त्यांचा आरोप असा, की त्या रेकॉर्डिंगवरून कंपनीने त्यांच्या आवाजाच्या प्रतिकृती तयार केल्या आणि ‘काइल स्नो’ व ‘सॅली कोलमन’ अशी नावं ठेवून त्या गिऱ्हाइकांना विकल्या.

जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी या दाव्याची छाननी केली. नाव, चेहरा किंवा आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरण्याविरुद्ध न्यूयॉर्क राज्याचा जुना कायदा आहे. त्याखालचे मुद्दे पुढे चालवायला त्यांनी मुभा दिली. कॉपीराइटचे बहुतेक मुद्दे मात्र बाजूला पडले, कारण नुसता आवाज ही कॉपीराइटची वस्तूच नव्हे. ज्या गोष्टीवर दोघांचं घर चालत होतं, तिला त्या कायद्याच्या वहीत नोंदच नव्हती.

शेतकऱ्याच्या जमिनीचा सातबारा असतो. बांध कोरला, अतिक्रमण झालं, तर तो उतारा घेऊन तहसील गाठता येते. कलावंताच्या काही गोष्टींनाही असा उतारा असतो. लिहिलेली कविता, बांधलेली चाल, काढलेलं चित्र यांवर १९५७चा भारतीय कॉपीराइट कायदा हक्क देतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गायिकेला आपल्या गायनाच्या रेकॉर्डिंगवर काही हक्क मिळतात. पण गळ्यावर? कुंचल्याच्या वळणावर? चेहऱ्यावर सावली टाकण्याच्या त्या एका पद्धतीवर, जी पाहिली की रसिक सही न वाचताच चित्रकाराचं नाव सांगतो? त्यांचा सातबारा कुठेच निघत नाही. आणि जनरेटिव्ह एआय नेमकं तेच उचलतं.

कायद्याने शैलीला मालक दिला नाही, यामागे शहाणपण होतं. शैलीवर मालकी आली असती तर शिकणंच बंद पडलं असतं. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी गायक होते. त्यांच्याकडे गोव्याच्या केसरबाई केरकर शिकल्या, गोव्याच्याच मोगूबाई कुर्डीकरही शिकल्या. दोघींनी गुरूचा आवाज लावण्याचा ढंग, तानेची फेक, लयीचं गणित जसंच्या तसं गळ्यावर चढवण्यासाठी वर्षं घातली. तरी दोघींचं गाणं वेगळं झालं, आणि मोगूबाईंच्या लेकीचं, किशोरी आमोणकरांचं, त्याहूनही वेगळं. नकलेतून शिकणं ही आपल्याकडे चोरी कधीच नव्हती. पण त्या नकलेला गुरूची संमती होती, गंडा होता, आणि शिष्याचं अर्धं आयुष्य त्यात जात होतं. शिष्या गुरूची गायकी घेऊन एका रात्रीत लाख ठिकाणी मैफल करू शकत नव्हती. कायदा घडला तो या संथ वेगाच्या जगात. यंत्राने ती मर्यादाच काढून टाकली, आणि शैली मोकळी ठेवण्यामागचा हिशेब त्याबरोबर बिघडला.

हे कसं घडतं ते समजायला पोलंडच्या ग्रेग रुटकोवस्की या चित्रकाराची हकीकत पाहायला हवी. ड्रॅगन, धुक्यातले किल्ले, मावळतीच्या सोनेरी उजेडातली युद्धं ही त्याची ओळख. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, ‘मॅजिक : द गॅदरिंग’ अशा खेळांसाठी त्याने चित्रं केली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे चित्रं बनवणारं मॉडेल सर्वांसाठी खुलं झालं. लोक त्याला काय काय सांगून चित्रं काढवून घेतात, याची मोजदाद त्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. रुटकोवस्कीचं नाव सुमारे ९३,००० वेळा वापरलं गेलं होतं. पिकासो आणि लिओनार्दो दा विंची प्रत्येकी दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी. आपल्या नावाने इंटरनेटवर शोध घेतला तर आपण न काढलेली चित्रं समोर येऊ लागली, हे त्या चित्रकाराने त्या वेळी सांगितलं होतं.

पोलंडचा हा तरुण पिकासोच्या पुढे कसा गेला? त्याचं एक कारण मनाला लागून राहतं. स्टेबल डिफ्यूजन शिकलं ते ‘लायन’ या जर्मन संस्थेने जमवलेल्या साठ्यावरून. त्या मोठ्या साठ्यात ५८५ कोटी नोंदी होत्या. एका नोंदीत इंटरनेटवरच्या एका चित्राचा पत्ता आणि त्याच्याशी जोडलेली मजकुराची ओळ. ही ओळ वेबसाइटवर एरवी दिसत नाही. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तेव्हा पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तीच ओळ त्याला ऐकवतं. बहुतेक लोक ती भरण्याचा कंटाळा करतात. रुटकोवस्की आपली चित्रं चढवताना ती इंग्रजीत नीट लिहायचा. ज्यांना दिसत नाही त्यांना चित्र कळावं आणि शोधातही ते सापडावं म्हणून. मॉडेलला शिकायला हवी असते ती नेमकी अशीच जोडी, चित्र आणि त्याचं स्वच्छ वर्णन. ज्याने वर्णन काळजीने लिहिलं त्याचं नाव यंत्राने सगळ्यात पक्कं पाठ केलं.

शिकण्याची रीतही सांगायला हवी, कारण चित्रांविषयीचे पुढचे खटले तिच्याभोवती फिरतात. मॉडेलला एक चित्र देतात. त्यावर ठिपक्यांचा धुरळा टाकत टाकत ते पार ओळखू न येण्यासारखं करतात. मग तो धुरळा पायरीपायरीने कसा काढायचा, हे मॉडेलकडून कोट्यवधी चित्रांवर घोटवून घेतात. सोबतची ओळ त्याला दिशा देते. इतका सराव झाला की कुठलंही चित्र न देता, नुसत्या धुरळ्यापासून सुरुवात करून, ‘संध्याकाळचा किल्ला, रुटकोवस्कीच्या शैलीत’ एवढं सांगितलं तरी ते चित्र उभं करतं. कंपन्या म्हणतात, मॉडेलची फाइल जेमतेम काही जीबीची असते, तिच्यात अब्जावधी चित्रं मावणार कशी? ती आत नसतातच, फक्त आकडे असतात. हे बरंचसं खरं आहे. पण पुरतं खरं नाही. २०२३च्या सुरुवातीला संशोधकांनी या मॉडेलमधून साठ्यातली शंभराच्या आसपास चित्रं जवळजवळ जशीच्या तशी बाहेर काढून दाखवली. साठ्यात पुन्हा पुन्हा आलेली चित्रं मॉडेलला तोंडपाठ झाली होती.

जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी कॅलिफोर्नियात स्टेबल डिफ्यूजन बनवणारी स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी आणि डेव्हियंटआर्ट या कंपन्यांवर दावा लावला. पहिल्या फेरीत न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी त्यातला बराचसा भाग फेटाळला, दुरुस्तीला वाव ठेवला. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉपीराइटभंगाचे मुख्य मुद्दे त्यांनी पुढे जाऊ दिले. लंडनला ‘गेटी इमेजेस’ या छायाचित्र-कंपनीने स्टॅबिलिटी एआयशीच वेगळी लढाई केली. तिथे पुरावा डोळ्यांना दिसणारा होता. स्टेबल डिफ्यूजनने काढलेल्या काही चित्रांवर गेटीची पाणखूण उमटली होती, अक्षरं वितळल्यासारखी वाकडी. आमचे फोटो वापरू नका, हे सांगणारी खूणसुद्धा यंत्राने चित्राचा भाग समजून गिरवली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. पाणखुणांपुरता, काही मोजक्या बाबतींत, ट्रेडमार्कचा भंग मान्य झाला; मॉडेल हीच बेकायदा प्रत आहे, हा मोठा दावा मात्र फेटाळला गेला. आणि त्याच महिन्यात म्यूनिकच्या न्यायालयाने उलट सूर लावला. ‘गेमा’ या जर्मन संगीत-हक्क संस्थेच्या दाव्यात नऊ गाण्यांचे शब्द ओपनएआयच्या मॉडेलने पाठ केले आहेत आणि ते पाठ असणं हीच प्रत आहे, असं तिथे ठरलं.

दोन देश, एकच महिना, दोन उत्तरं. कलावंताने कुठल्या निकालावर भरवसा ठेवून घर चालवायचं?

पैसे हातात पडल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुस्तकांचं. जून २०२५ मध्ये अमेरिकी न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या खटल्यात ठरवलं, की विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेल शिकवणं कायद्यात बसतं; पण चोरीच्या ग्रंथसंग्रहांतून लाखो पुस्तकं उतरवून ठेवणं बसत नाही. कंपनीने पुढे १५० कोटी डॉलरची तडजोड केली. पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर, आणि यादीत जवळपास पाच लाख पुस्तकं. आकडा ऐकून कुणाही लेखकाला हायसं वाटेल. पण यादीत यायची अट बारकाईने वाचायला हवी. पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठरलेल्या मुदतीत नोंदणी झालेली असली पाहिजे. आपल्याकडे कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही. लिहिलं की हक्क आला. पुण्या-मुंबईचा मराठी प्रकाशक आपलं पुस्तक वॉशिंग्टनला नोंदवायचा विचारही करत नाही, आणि करावा तरी का? म्हणजे हक्क असूनही भरपाईच्या रांगेत उभं राहायला जो कागद लागतो तो हातात नाही. भरपाईचं दार नोंदवहीतून उघडतं, हे या विषयात पुन्हा पुन्हा दिसेल.

आता मुंबईकडे येऊ, कारण आवाजाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने जे केलं त्याची दखल जगाने घ्यावी असं आहे. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती रियाझ छागला यांच्यासमोर अरिजित सिंग यांचं प्रकरण आलं. कुणाचाही आवाज अरिजितच्या आवाजात बदलून देणारी साधनं इंटरनेटवर उघडपणे मिळत होती. न्यायालयाने ती थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि नामवंत कलावंत अशा साधनांपुढे किती उघडे पडले आहेत, यावर तीव्र शब्दांत चिंता व्यक्त केली. २९ सप्टेंबर २०२५ रोजी आशा भोसले यांना असंच संरक्षण मिळालं. आदेश न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांचा. आशाताईंचं वय तेव्हा ९२. आयुष्यभर हजारो गाणी गाऊन जो गळा घरोघर पोचला, त्याची प्रतिकृती करून देणारं सॉफ्टवेअर परवानगीशिवाय लोकांना देणं हा त्यांच्या व्यक्तिमत्त्व-हक्काचा, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्काचा, भंग आहे, असं न्यायालयाने मान्य केलं.

व्यक्तिमत्त्व-हक्क नावाचा वेगळा कायदा भारतात नाही. न्यायालयांनी तो खाजगीपणाच्या हक्कातून, ट्रेडमार्कच्या तत्त्वांतून आणि कलावंताच्या हक्कांतून विणत आणला आहे. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अनिल कपूर यांना तो मिळाला, त्यानंतर ओळीने अनेकांना. हे चांगलंच झालं. पण या हक्काचा पाया प्रसिद्धी हा आहे. दावा करणारी व्यक्ती लोकांना ओळखीची आहे का, तिच्या नावाला बाजारात मोल आहे का, हे न्यायालय आधी पाहतं.

अंधेरीच्या एखाद्या डबिंग स्टुडिओत दिवसाच्या बोलीवर काम करणाऱ्या मुलीचं काय? काचेच्या आड, कानाला हेडफोन, समोर स्टँडवर संवादाची पानं, पडद्यावर एक कार्टूनमधला ससा. तिला सशाच्या ओठांची उघडझाप पकडायची आहे. मूळ वाक्य लांब आहे, मराठीतलं आखूड. ती मध्ये एक ‘अगं बाई’ घालते आणि ओठ जुळतात. रेकॉर्डिस्ट खुणेने ‘ओके’ म्हणतो. हे ‘अगं बाई’ कुणी लिहून दिलेलं नव्हतं, ते तिचं होतं. तो ससा महाराष्ट्रातल्या मुलांना पाठ आहे, तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. उद्या तिचा आवाज उचलून यंत्राकडून पुढचे शंभर भाग करून घेतले, तर न्यायालयात ‘लोक मला ओळखतात’ हे ती कशाच्या जोरावर सांगणार?

तिच्यापाशी एक हत्यार मात्र आहे, आणि त्याची माहिती स्टुडिओच्या दारात पाटी लावून द्यावी इतकी मोलाची आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी त्यांनी ती लावून धरली. त्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये एक वाक्य आलं. त्याचा अर्थ असा : करार झाला त्या वेळी जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वातच नव्हती, तिचे हक्क त्या कराराने दिले गेले असं धरता येत नाही, जर करारात तिचा स्पष्ट उल्लेख नसेल. म्हणजे २०१५ साली सही केलेल्या करारावर बोट ठेवून कुणी २०२५ साली ‘एआय शिकवण्याचे हक्कही आमचेच’ म्हणू लागला, तर लेखक-संगीतकाराला हे कलम समोर ठेवता येतं. त्याच्याच शेजारचं कलम १९ म्हणतं, की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. नटाच्या किंवा आवाज देणाऱ्याच्या हक्कांना हीच कलमं कितपत लागू करता येतात यावर वकील वाद घालतील, पण निदान वाद घालायला जागा आहे. अडचण नव्या करारांची आहे. त्यांत ‘सर्व माध्यमांत, आज माहीत असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या, कायमस्वरूपी’ अशी ओळ छापलेलीच असते, आणि दिवसाच्या कामाचे पैसे हवे असणारी मुलगी सही करते.

अमेरिकेत ही ओळ बदलायला संप करावा लागला. २०२३ साली तिथले पटकथालेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस कामावर गेले नाहीत. नटांच्या करारात शेवटी आलं, की डिजिटल प्रतिकृती करायची तर आधी विचारायचं आणि पैसे द्यायचे. त्यामागे प्रचंड, एकजूट संघटना होती. दिवसाच्या बोलीवर काम करणाऱ्याच्या मागे तेवढी ताकद उभी नसते.

हक्कांबद्दल इतकं. पण कितीही खटले जिंकले तरी पोटाचा प्रश्न त्यांच्या आधीच येऊन ठेपतो, कारण काम जाणं हा गुन्हा नाही. ब्रिटनमधल्या ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ने २०२४च्या सुरुवातीला आपल्या सदस्यांना विचारलं. चित्रकारांपैकी २६ टक्के आणि अनुवादकांपैकी ३६ टक्के म्हणाले, की एआयमुळे आमचं काम गेलं आहे. जगभरच्या हक्कसंस्थांचा महासंघ ‘सिसॅक’ याने डिसेंबर २०२४ मध्ये अंदाज मांडला : २०२८ पर्यंत संगीतकारांच्या उत्पन्नातला २४ टक्के आणि चित्रपट-मालिका घडवणाऱ्या कलावंतांच्या उत्पन्नातला २१ टक्के हिस्सा धोक्यात. ‘डीझर’ या फ्रेंच संगीत-सेवेने सांगितलं, की जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडे रोज चढणाऱ्या गाण्यांत एक दशांश पूर्णपणे यंत्राची होती. नोव्हेंबरपर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशावर गेलं, दिवसाला सुमारे ५०,००० गाणी. जिथे श्रोत्यांच्या वर्गणीचा साठा ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो, तिथे यंत्राच्या गाण्याला गेलेला पैसा कुणातरी माणसाच्या वाट्यातून जातो.

महाराष्ट्रात हे सगळ्यात आधी रस्त्यावर दिसलं. गणेशोत्सवाचे फ्लेक्स, दहीहंडीचे फ्लेक्स, वाढदिवसाचे फ्लेक्स. गणपतीच्या हाताला सहा बोटं, उंदराला माणसाचे डोळे, महाराजांच्या मागे कुठल्याच गडाशी न जुळणारा गड. आता ती बोटंही सुधारली आहेत. एकेकाळी गावागावात एक पेंटर असायचा. दुकानाची पाटी, ट्रकची मागची बाजू, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा तोच रंगवायचा. फ्लेक्सच्या छपाईने त्याचं काम नेलं. त्याच्या पोराने मग संगणक घेतला, डीटीपी शिकला, फ्लेक्सचं डिझाइन करू लागला. आता मंडळाचा कार्यकर्ता मोबाइलवरच चित्र करून आणतो आणि फक्त प्रिंटचे पैसे देतो. एकाच घरावर दुसऱ्यांदा पाळी आली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाही. तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या दिवाळी अंकाच्या संपादकाला चित्रकाराचं मानधन परवडत नाही. त्याला यंत्राने एक मुखपृष्ठ दिलं तर अंक निघतो. हात न चालणाऱ्या माणसाला मनातलं चित्र डोळ्यांसमोर आणता येतं. हे फायदे मोजायलाच हवेत. पण दिवाळी अंकातली ती छोटी रेखाटनं हीच मराठी चित्रकारांची शाळा होती. दीनानाथ दलाल गोव्यातून मुंबईला आले आणि मासिकं, पुस्तकं, दिवाळी अंक यांच्या मागण्या पुऱ्या करता करता दलालांची रेषा घडली. कथा वाचायची, तिच्यातला एक क्षण निवडायचा, उद्या सकाळी छपाईला द्यायचा. असं शेकडो वेळा केल्यावर हात वळतो. मोठी कामं यंत्राकडे गेली नाहीत तरी लहान कामं गेली, की पुढचे मोठे चित्रकार घडायची जागाच जाते. या संपूर्ण प्रश्नात ही हानी सगळ्यात मोठी, आणि कुठल्याही सर्वेक्षणात ती मोजता येत नाही.

पैसा आणि काम यांच्यापलीकडे कलावंताचं आणखी एक नातं असतं, आपल्या कृतीशी. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं. सरकारनेच करून घेतलेलं, सरकारच्याच मालकीचं. १९७९ मध्ये ते न विचारता उतरवलं गेलं. गोदामात त्याची दुर्दशा झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ५७ खाली निकाल दिला, की कृती विकली तरी ती विद्रूप होऊ न देण्याचा कर्त्याचा नैतिक हक्क शिल्लक राहतो. शिल्प परत द्या आणि पाच लाख रुपये भरपाई द्या.

वीस वर्षांनी, १ ऑगस्ट २०२५ रोजी, ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ पुन्हा पडद्यावर आली. २०१३ च्या मूळ चित्रपटात नायक मरतो. नव्या आवृत्तीत एआयने शेवट बदलला होता, नायक डोळे उघडतो. हक्क ज्या कंपनीकडे होते तिने हे केलं; दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी उघड निषेध केला. आमच्याकडे हक्क आहेत, असं कंपनीचं म्हणणं. सहगलांचं शिल्प निदान गोदामात मोडकं का होईना, त्यांच्याच हातचं होतं. इथे धनुषच्या चेहऱ्याने असा अभिनय केला जो धनुषने कधी केलेला नाही, आणि लाखो लोक तो त्याचाच म्हणून पाहणार.

विचारून केलं तर काय होतं, याचाही दाखला आहे. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या चित्रपटाच्या गाण्यात बम्बा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. हमीद तर १९९७ सालीच गेले होते. रहमान यांनी सांगितलं, की दोघांच्या कुटुंबांची परवानगी घेतली आणि त्यांना मानधन दिलं. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या मुलाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली. वडिलांचा आवाज न विचारता वापरल्याबद्दल. तंत्र दोन्हीकडे तेच. फरक एका फोनचा होता.

भारत सरकारने यावर काय ठरवायचं घेतलं आहे? ८ डिसेंबर २०२५ रोजी उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक प्रस्ताव चर्चेसाठी मांडला. एआय कंपन्यांना कायदेशीर मार्गाने हाती आलेली सगळी सामग्री मॉडेल शिकवण्यासाठी वापरायची सरसकट परवानगी. बदल्यात उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्यांनी एका केंद्रीय संस्थेकडे भरायचा, आणि तो हक्कसंस्थांमार्फत कलावंतांपर्यंत जायचा. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ‘नॅसकॉम’ने असहमती नोंदवली, त्यांना पैसे न देता शिकवण्याची सूट हवी आहे. पैसे द्यावे लागतील हे तत्त्व सरकारी कागदावर आलं, हे कमी नाही. पण या योजनेत नकार देण्याचा हक्क कलावंताला नाही. ‘माझं चित्र घेऊ नका’ असं म्हणायची सोय नाही, फक्त किती मिळेल एवढंच विचारता येईल. आणि जे मिळेल ते मागायला आपल्या कामाची नोंद करावी लागेल.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, जव्हारच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक काढतात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मधोमध पालघाट देवी. सवासिनी मिळून चौक भरतात आणि धवलेरी गाणं म्हणते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं कागदा-कापडावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नावाचं आणि वस्तूचं रक्षण करतं. मोबाइलवर ‘वारली शैलीत माझ्या सोसायटीचं चित्र’ असं सांगून निघणाऱ्या चित्रापर्यंत ते पोचत नाही. पाहुणा त्या भिंतीचा फोटो काढतो, इंटरनेटवर चढवतो, खाली ‘वारली आर्ट, महाराष्ट्र’ असं लिहितो. यंत्र शिकतं ते या ओळीवरून. पिठाने हात पांढरे झालेल्या चार-पाच बायका, कुणी देवीचा चौकोन आखलेला, कुणी झाडं भरलेली, कुणी घोडा. रॉयल्टीच्या अर्जात ‘रचनाकार’ असा रकाना असेल, तर त्यांच्यापैकी कुणाचं नाव तिथे लिहायचं?